आमची वाटचाल: बरणीत उरलेलं पीठ

आम्ही बेकरी काढली ती पावासाठी. कुकी त्या यादीत कुठेच नव्हती. आज महिन्याच्या हिशेबाची वही उघडली की दहातले सात रुपये कुकीचे निघतात आणि पाव आपला आब राखून बसलेला असतो.

सुरुवात २०२० च्या टाळेबंदीत झाली. माशेलला आमच्या दारात पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल पहिल्यांदाच काही दिवस आली नाही. पों-पों ऐकू न येणारी सकाळ गोव्यात कशी वाटते ते ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल. ह्यांचं हॉटेलातलं काम बंद पडलं होतं. घरात गव्हाचं पीठ होतं, यीस्ट कुठे मिळत नव्हतं. म्हणून पीठ आणि पाणी समभाग कालवून बरणीत ठेवलं. सातव्या दिवशी त्याने फडकं वर ढकललं.

सावरडोचं, म्हणजे अशा आंबवलेल्या पिठावर फुगणाऱ्या पावाचं, नवल आम्हाला फारसं वाटलं नाही. गोव्यातला पाव एके काळी सुरेवरच फुगायचा. माडाची ताजी सूर, म्हणजे माडी, पिठात घालायची, रात्रभर ठेवायचं आणि पहाटे भट्टी. पुढे यीस्ट आलं नि ते मागे पडलं. शेजारच्या वाड्यावरच्या एका निवृत्त पोदेराला मी माझा पहिला पाव नेऊन दिला. त्याने कवच नखाने वाजवून पाहिलं, आतला भाग नाकाशी धरला आणि म्हणाला, "बाय, हाका सुरेचो वास ना." पण पाव पूर्ण संपवला. ती पावती मी अजून जपून ठेवलीय.

खरी अडचण बरणीतच होती. आंबवण जिवंत ठेवायचं तर त्याला रोज खायला घालावं लागतं, आणि गोव्याच्या उकाड्यात ते चार-पाच तासांत फुगून पुन्हा बसतं, म्हणजे दिवसातून दोनदा. एक भाग आंबवण, एक भाग पीठ, एक भाग पाणी. दरवेळी तिप्पट. काही काढून टाकलं नाही तर १०० ग्रॅमचे पाच खेपांत २४ किलो होतात. म्हणून आधी अर्ध्याहून जास्त काढायचं आणि मग उरलेल्याला घालायचं. हे काढलेलं म्हणजे डिस्कार्ड. मी ते मोरीत ओतत होते आणि एका सकाळी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाहिलं. "गो, हे पीठ ओततेस? आंबोळ्या होतात की त्याच्या!"

झाल्याही. बिडाच्या तव्यावर, जाळीदार. पण रोज आंबोळ्या कोण खाणार? चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, "ह्याचं काहीतरी गोड कर."

पहिल्या कुकी कुकी नव्हत्याच, छोटे केक होते. डिस्कार्डमध्ये निम्मं पाणी असतं हे डोक्यात असूनही मी नेहमीच्या प्रमाणात ते वरून ओतलं होतं. पाणी जास्त झालं की कुकी पसरत नाही, फुगते. तोडगा आईंच्या तूप कढवण्यात सापडला. लोण्यातही साधारण सोळा टक्के पाणी असतं. ते कढवून उडवलं की डिस्कार्डच्या पाण्याला जागा होते. लोणी तूप होण्याच्या थोडं अलीकडे थांबवायचं, बेरी बदामी झाली की लगेच. काळी पडली तर कडू. ती बेरी आम्ही गाळत नाही, पिठात जाऊ देतो. कुकीची अर्धी चव तिच्यात आहे असं माझं मत आहे. ह्यांचं मत आहे की ती काजूत आहे.

मग अंडं. आमचं गिऱ्हाईक सोमवार पाळणारं, श्रावण पाळणारं. "अंडं आहे का?" हा पहिला प्रश्न, "कितीला?" हा दुसरा. एकदा चिडून अंडं काढूनच टाकलं, आणि कुकी बिघडायच्या ऐवजी सुधारली. डिस्कार्ड चिकट असतं, मिश्रण बांधून ठेवायला ते पुरतं. त्याच्या आंबटपणामुळे खाण्याचा सोडा तिथल्या तिथे काम करतो, बेकिंग पावडर लागत नाही. आज आमचं एका घाण्याचं माप असं: २५० ग्रॅम लोणी कढवून, १५० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम माडाचा गूळ, १४० ग्रॅम डिस्कार्ड, २६० ग्रॅम मैदा, एक चमचा सोडा, मीठ, २५० ग्रॅम गडद चॉकलेट, १५० ग्रॅम काजू. लोणी कोमट झाल्यावरच डिस्कार्ड घालायचं. गोळा रात्रभर फ्रिजमध्ये. मग १७५ अंशांवर बारा मिनिटं. कडा तांबूस, मध्य कच्चा वाटतो तेव्हाच काढायच्या. पुढचं काम गरम ट्रे करतो.

गुळाबद्दल एक सांगते. आपला माडाचा काळा गूळ, त्या ढेपी, मी विळीवर तासते. किसणीवर तो चिकटतो आणि हात भरतात. त्याचा धुरकट खारटपणा चॉकलेटला असा धरून राहतो की पांढऱ्या साखरेची कुकी नंतर पोरकट लागते.

काजू सत्तरीतून, वाळपईच्या बाजूने घेतो. डब्ल्यू ३२० प्रतीचा अख्खा काजू परवडत नाही आणि खरं सांगायचं तर लागतही नाही. आम्ही पाकळी, म्हणजे दुभंगलेला काजू, घेतो. ती आधी मंद भाजून घेतली तरच कुकीत कुरकुरीत राहते, कच्ची घातली तर नुसती चिवट लागते. पहिल्या वर्षी आम्ही अख्खे काजू लावून फोटो काढले होते. फोटो छान आले, नफा शून्य.

२०२२ चा जुलै मात्र विसरणार नाही. किनाऱ्याकडच्या एका कॅफेने दोनशे पाकिटं मागवली. आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर. इकडे देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, रंगलेला, पाऊस धो धो, आणि आम्ही रात्री दोन वाजता पाकिटं बंद करतोय. कुकी हाताला गार लागत होत्या, पण आतून कोमट होत्या. ती वाफ पाकिटात अडकली. त्यात गूळ, जो हवेतलं पाणी ओढतोच. पाचव्या दिवशी सगळी पाकिटं परत आली, मऊ, भिजलेल्या खाज्यासारखी. पैसे बुडाले ते बुडाले. कॅफेवाल्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यानंतर तीन तास जाळीवर गार केल्याशिवाय पाकीट नाही, आणि जून ते सप्टेंबर गुळाचं माप निम्मं, बाकी साखर. पावसाळ्यातली कुकी थोडी वेगळी लागते. विचारणाऱ्यांना कारण सांगतो.

चॉकलेटने वेगळीच परीक्षा घेतली. २०२४ मध्ये आयव्हरी कोस्ट आणि घानातलं पीक पडलं आणि कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या पुढे गेला. आमच्या पुरवठादाराचं दरपत्रक दर दोन-तीन महिन्यांनी नवीन यायचं. कंपाउंड वापरा, गिऱ्हाइकाला कळत नाही, असा सल्ला मिळाला. करून पाहिलं. त्यात कोकोबटरच्या जागी वनस्पती तेल असतं, ते तोंडात विरघळत नाही, टाळूला मेणासारखं बसतं. मुलाने एक घास घेऊन बाजूला ठेवली. आम्ही कुकी लहान केली, चॉकलेट तेच ठेवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला तेव्हा कुठे जरा श्वास मिळाला.

आता आम्ही पाच जण आहोत. फोंड्याला एक छोटं दुकान, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक टेबल. चवथीला नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) डब्यात आमच्या कुकी ठेवणारी घरं आहेत, याचं मला उगीच जास्त कौतुक आहे.

गंमत अशी की टाकाऊ पीठ वाया जाऊ नये म्हणून निघालेल्या कुकीला आता टाकाऊ पीठ पुरत नाही. आठवड्याला जेवढे पाव खपतात त्यातून पाच-सहा घाण्यांपुरतं डिस्कार्ड निघतं आणि मागणी वीस घाण्यांची. म्हणजे उरलेलं मिळावं म्हणून मुद्दाम पीठ भिजवावं लागतं. लोक 'काहीही वाया न घालवणारी बेकरी' म्हणून कौतुक करतात तेव्हा मी हे सांगते, मग ते हसतात. पणजीच्या एक बाई आपल्या घरचं डिस्कार्ड बरणीत घालून द्यायला तयार होत्या. नाही म्हणावं लागलं. एक तर परवाना, आणि दुसरं म्हणजे ते किती दिवसांचं आहे ते कळत नाही. फ्रिजमध्येसुद्धा तीन-चार दिवसांपुढे आम्ही वापरत नाही, नंतर त्याला दारूसारखा वास येतो आणि कुकी आंबट लागते.

गेल्या रविवारी आई वाटी घेऊन खाली कारखान्यात आल्या. मोठी बरणी खरवडून स्वच्छ केलेली. त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. "आंबोळ्यांपुरतंसुद्धा ठेवलं नाहीस?"

आता फळीच्या टोकाला एक लहान बरणी असते. तिच्यावर चिकटपट्टी लावून आईंचं नाव लिहिलंय, आणि तिला कुणी हात लावायचा नाही.