सात, बावीस आणि ओल्या मातीतली रेघ

एकाच टीमचे दोन रायडर एकमेकांवर आदळले की ज्यूरीच्या, म्हणजे शर्यतीचा निवाडा करणाऱ्यांच्या, तंबूत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: घरातलं प्रकरण आहे, घरात मिटवतो. इंदूरच्या बायपासपलीकडे भरलेल्या सुपरक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींत, ते मला एका टीम मॅनेजरने ऐकवलं. मी ज्यूरीत होतो. त्या दिवशी मी ते मानलं नाही, आणि त्यासाठी बरंच ऐकूनही घेतलं.

अडीचशे सीसीची फायनल होती. धूळ बसावी म्हणून आधी टँकरने ट्रॅकवर पाणी मारलं होतं. माळव्याची काळी माती कोरडी असताना भेगाळते आणि पाणी पडलं की वरून साबणासारखी होते. आयोजकांनी मुरूम मिसळला होता, तरी टेबलटॉपनंतरच्या (सपाट माथ्याच्या उडीच्या उंचवट्यानंतरच्या) उजव्या वळणाच्या तोंडाशी काळी मातीच वर आली होती. सगळ्या रायडरना ते ठाऊक होतं. पहिल्या लॅपपासून प्रत्येकजण तिथे लवकर ब्रेक मारत होता, बावीस नंबरसुद्धा.

पुढे सात नंबर, त्याच्या मागे बावीस. एकाच रंगाची जर्सी, एकाच गॅरेजात तयार झालेल्या गाड्या, दोघेही इंदूरची पोरं. तिसरा केरळचा रायडर, फार मागे नव्हता. कुंपणावर चढलेली गर्दी ‘दबा दे भिया, दबा दे’ म्हणून ओरडत होती. ती नेमकी कोणाला चेतवत होती हे तिलाही सांगता आलं नसतं.

शेवटच्या लॅपला सात नंबर बाहेरच्या बाजूने, मातीच्या बांधाला चाक टेकवून वळत होता. बावीस आतून आला. सातच्या पुढे जाऊन त्याची वाट अडवावी, तर तसंही झालं नाही. तो सरळ सातच्या पायावर आणि इंजिनवर येऊन आदळला. सात बांधावरून पलीकडे फेकला गेला. बावीस मात्र त्या धक्क्यानेच वळला, सावरला आणि शर्यत संपल्याचा झेंडा घेऊन पहिला आला. कोपऱ्यावरच्या मार्शलने, ट्रॅकवर नजर ठेवणाऱ्या मुलाने, धोक्याचा पिवळा झेंडा हलवला तेव्हा केरळचा रायडर टेबलटॉपवरून हवेत उडालेला होता. पिवळा दिसला की उडी मारायची नाही, ओव्हरटेक करायचा नाही, हा नियम आहे. पण जो आधीच हवेत आहे त्याने काय करावं? सातची गाडी ट्रॅकवर आडवी पडली होती. तिच्या मागच्या चाकाला जेमतेम चुकवून तो निघाला. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि पुढचे दोन तास माझ्या डोक्यात तेच होतं.

सातला ॲम्ब्युलन्समध्ये बसवेपर्यंत मी त्या वळणावर पोहोचलो. पुढच्या शर्यतीसाठी टँकर पुन्हा पाणी मारायला निघाला होता. ड्रायव्हरला हात दाखवून थांबवलं आणि खाली वाकलो. ओल्या मातीत सातच्या मागच्या टायरची खूण स्वच्छ उमटलेली होती. टायरचा एकेक गुटका (रबराचा उंचवटा) वेगळा दिसत होता, बांधाला धरून छान गोल वळलेली, आणि मग एकदम तुटलेली. बावीसची खूण वेगळीच होती. आतल्या बाजूने आलेली एक गुळगुळीत चरी, गुटक्यांचा ठसा कुठेच नाही. चाक फिरत नसलं, जाम होऊन घसरत असलं, की अशी चरी पडते. आणि ती वळलेलीच नव्हती. पट्टी लावून आखावी तशी सरळ सातच्या वाटेपर्यंत गेली होती. ती तशीच पुढे वाढवली तर बांध ओलांडून कुंपणात जाते. मी ज्यूरीच्या बाकी दोघांना तिथेच बोलावून घेतलं आणि मार्शल मुलाला चरीशेजारी पाण्याची बाटली ठेवून फोटो काढायला लावले.

मोबाइलवरचे व्हिडिओ तोवर सगळीकडे फिरू लागले होते. लांबून झूम करून घेतलेले. त्यांत दोन्ही गाड्या शेजारीशेजारी दिसतात, बावीस अगदी बरोबरीला पोहोचला होता असं वाटतं. समोरून झूम केलं की मागचं-पुढचं अंतर चिकटून जातं, म्हणून अशा व्हिडिओवर मी कधी निर्णय सोडत नाही.

तंबूत मॅनेजर आला. रामबागेतला, माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र. ‘‘दादा, दोन्ही पोरं माझी आहेत. पडलेल्याचीही तक्रार नाही. मग ज्यूरीला काय त्रास?’’ सात नंबर गळ्यात झोळी बांधून मागे उभा होता, खांदा एका बाजूला उतरलेला. मी विचारलं, तर खाली बघत म्हणाला, ‘‘नाही सर, माझी काही तक्रार नाही.’’ त्याची गाडी टीमची, टायर टीमचे, पुढच्या फेरीची एंट्री फी टीम भरणार. त्याने दुसरं काय म्हणायचं होतं? म्हणूनच अशा वेळी तक्रारीची वाट पाहायची नसते. मार्शलचा रिपोर्ट आला की ज्यूरी स्वतःहून प्रकरण घेते.

मॅनेजर अभ्यासू होता, हे मान्य. त्याने मोटोजीपीतलं, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक शर्यतींतलं, २०१० सालचं जपानमधलं मोतेगी काढलं. यामाहाचे रॉसी आणि लोरेन्झो तिसऱ्या जागेसाठी एकमेकांना खांदे घासत भिडले होते. ‘‘तिथे कुठे कोणाला शिक्षा झाली?’’ मी म्हटलं, ‘‘अरे, तिथे दोघेही उभे राहिले. तिसरा आणि चौथा आले. घासाघासी झाली, पण दोघांनाही वळण मिळालं. तू २०१६ चं अर्जेंटिना बघ.’’ शेवटच्या लॅपच्या शेवटी डुकाटीचे दोघे, इयानोने आणि डोव्हिझिओसो, दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर होते. इयानोने आतून घुसला, त्याचं पुढचं चाक सुटलं आणि तो डोव्हिझिओसोला घेऊन पडला. डोव्हिझिओसो गाडी ढकलत रेषेपर्यंत गेला आणि तेरावा आला. इयानोनेला पुढच्या शर्यतीत ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, तीन जागा मागे पाठवलं. ‘टीमचं घरगुती’ म्हणून कोणी सोडलं नाही. आणि २००६ च्या एस्तोरिलला तर पेद्रोसाने आपल्याच टीमच्या हेडनला पाडलं, तेही हेडन गुणतक्त्यात सगळ्यांच्या पुढे असताना. हेडनने शेवटच्या शर्यतीत विजेतेपद मिळवलं, अवघ्या ५ गुणांनी. नाहीतर होंडाची टीम ते वर्ष कधीच विसरली नसती.

माझी कसोटी एकच आहे आणि ती मी त्याला सांगितली. पुढची गाडी तिथे नसती, तर मागच्याला ते वळण घेता आलं असतं का? घेता आलं असतं, तर आतून येऊन वाट अडवणं ही शर्यत आहे. मातीच्या ट्रॅकवर ब्लॉक पास हा हुनर आहे, मी त्यावर टाळी वाजवणारा माणूस आहे. टीममेटवर करा, सख्ख्या भावावर करा. पण घेता आलं नसतं, तर तुम्ही ओव्हरटेक केलेला नाही, दुसऱ्याच्या पायाचा ब्रेक केला आहे. आणि बावीसची चरी कुंपणाकडे चालली होती.

‘‘बक्षीस केरळला जाईल, दादा. आपल्या इंदुरात.’’ हे तो शेवटी बोलला. त्या केरळच्या मुलाची त्याने एकदाही आठवण काढली नव्हती. सातच्या आडव्या पडलेल्या गाडीवर आदळणं त्याने कसंबसं टाळलं होतं. त्याच्या घरचं कोणी तंबूत नव्हतं. प्रकरण घरातलं कसं होईल? ट्रॅकवर सगळ्यांचीच पोरं असतात.

निर्णय तिघांच्या सहीने झाला. बावीसची पाच जागांनी घसरण, केरळचा रायडर पहिला. मॅनेजर म्हणाला, ‘‘तुम्ही टीम फोडलीत.’’ मी उत्तर दिलं नाही. टीम त्या वळणावर फुटली होती, आणि सातला बोलता येत नव्हतं यावरून ती आधीपासूनच तडकलेली असावी असं मला आजही वाटतं.

संध्याकाळी बावीस एकटाच आला. वीस वर्षांचा असेल. फोटो मागितला, बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, त्याने आतली बाजू मोकळी सोडली होती.’’

‘‘सोडली होती. आधीच्या लॅपला ब्रेक कुठे मारलास?’’

त्याने फोटोच्या बाहेर, टेबलाच्या लाकडावर बोट ठेवलं.

‘‘आणि या लॅपला?’’

बोट चरीच्या सुरुवातीवर आलं. तिथून वळणापर्यंत त्याच्याकडे जागाच उरली नव्हती, ते त्याला मी सांगायच्या आत दिसलं. ‘‘एका लॅपने आधी करायला हवं होतं,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘‘हो. किंवा दुसरा यायचं होतं.’’ हे दुसरं त्याला पटलं नाही, आणि रायडरला ते पटू नये हेही मला समजतं.

आता माझ्या ब्रीफिंगमध्ये टीममेटबद्दल वेगळं सांगतो, आणि मार्शलना ताकीद आहे की पडझड झाली की ज्यूरीने माती पाहिल्याशिवाय टँकर त्या वळणावर येऊ द्यायचा नाही.