गैरसमज मथळ्यात नको

आरोग्यविषयक गैरसमजांवरचं एक हस्तलिखित आमच्याकडे संपादनाला होतं. लेखक खेडोपाडी प्रॅक्टिस केलेले डॉक्टर. मजकूर चोख, भाषा सोपी. प्रकरणं मात्र अवयवांनुसार लावलेली, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत तो गैरसमजच मथळा म्हणून.

पहिली प्रुफं टेबलावर होती. बाइंडिंगच्या मावशींनी सहज चार पानं चाळली आणि म्हणाल्या, "ताई, कुत्रा चावला की जखमेत मिरची भरतात ना, ते पण दिलंय हो यात." खाली मजकुरात नेमकं उलट होतं: जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मिरची-हळद काही भरू नका, लगेच लस घ्या. पण मावशींनी वाचला तो मथळा. पुस्तक चाळणारा कुणीही तेवढाच वाचतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मी हादरलेच.

दुपारी डॉक्टर आले. सगळी प्रकरणं आम्ही जमिनीवर पसरली आणि एकेक उचलून विचारत गेलो: लोकांना हे खरं का वाटतं?

उत्तर सारखं असलेली प्रकरणं एका गठ्ठ्यात. पहिला गठ्ठा 'आपोआप बरं होणं': त्यात कावीळ आणि साप शेजारी आले! हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय मिळतं गळ्यातल्या माळेला. हातावरून उतरणारं पिवळं पाणी तर आंब्याच्या सालीचा अर्क आणि चुन्याची निवळी यांचं. सापाचंही तसंच. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर दंशात विष सोडतोच असं नाही. म्हणून मांत्रिकाचे रोगी 'वाचतात'. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं यांचं विष अंगात भिनलं असेल, तर दवाखान्यातलं प्रतिविषच लागतं. ही कारणं एकापाठोपाठ वाचली की तिसऱ्या उदाहरणापर्यंत वाचक स्वतःच विचारू लागतो, "हा आजार एरवीही बरा झाला असता का?" मला हवं होतं ते हेच.

दुसरा गठ्ठा एकेकाळी खऱ्या असलेल्या समजुतींचा. 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही भीती खोटी नव्हती. मेंदूच्या ऊतींपासून केलेली जुनी लस पोटावरच टोचत. आता मोजकेच डोस, तेही दंडात. अशा प्रकरणाची सुरुवात "तुम्ही ऐकलंत ते खरं होतं" इथूनच व्हायला हवी, नाहीतर घरातली वडीलधारी मंडळी पुस्तक मिटून ठेवतील.

मथळे बदलले: 'कुत्रा चावला? आधी साबण-पाणी, मग लस'.

डॉक्टरांचा एक आक्षेप राहिला. "रात्री साप चावल्यावर माणूस 'आपोआप बरं होणं' या भागात शोधणार आहे का?" बरोबर होतं त्यांचं. मग शेवटी आजारांची अकारविल्हे सूची घातली, आणि दंशानंतर लगेच काय करायचं ते मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, मोठ्या टायपात.