शोभेच्या अळूच्या वड्या होतील का?

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी हातात एक पान घेऊन आल्या आणि "याच्या वड्या होतील का हो?" असे त्यांनी विचारले. पान नर्सरीतून आणलेल्या कुंडीतले होते. कड हिरवी, मधला भाग गुलाबी, शिरा लालभडक आणि हाताला कागदासारखे पातळ. आकार थेट अळूचा असला, तरी ते कॅलेडियम, म्हणजे आपले रंगीत अळू होते, आणि ते कोणत्याही रूपात पोटात जाता कामा नये.

खाण्याचे अळू, रंगीत अळू आणि सुरण ही एकाच कुळातली मंडळी. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक जुड्या बांधल्यासारखे असतात. कच्चे पान चावले की त्या सुया जिभेत आणि घशात रुततात. तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ सुजतात. घरच्या अळूतही त्या असतातच, म्हणून तर आपण देठ सोलताना हाताला तेल लावतो, भाजी चांगली गळेपर्यंत शिजवतो आणि चिंचेचा कोळ घालताना हात आखडत नाही. मात्र हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत. आपली भाजी खाजत नाही याचे मोठे श्रेय, माझ्या मते, पिढ्यान्‌पिढ्या कमी खाजरे म्हणून राखलेल्या वाणाला आहे. केवळ रंगासाठी वाढवलेल्या रोपाला चिंच लावून ते खाण्याजोगे होत नाही.

काळ्या पानांच्या शोभेच्या अळूची गोष्ट अधिक फसवी आहे. वडीसाठी आपण काळ्या देठाचे अळू मुद्दाम शोधतो, आणि नर्सरीतले हे काळे अळू पुष्कळदा खाण्याच्या अळूच्याच जातीचे असते, त्याच्या पानावरून पाणीही तसेच ओघळते. तरीही ते किती खाजरे निघेल हे बघून कळत नाही. शिवाय ते खाण्यासाठी नाही, या हिशेबाने त्यावर कीटकनाशक फवारलेले असू शकते.

2019 च्या महापुरात आमच्या सांगलीच्या घरामागचे अळू गाळाखाली गेले, तेव्हा मी बाजारातून रोप न आणता तासगावच्या मावशींकडून कंद आणले, कारण त्या अळूची भाजी मी लहानपणापासून खाल्ली होती. वहिनींनाही त्यातलेच दोन कंद दिले.

त्यांची कुंडी मात्र व्हरांड्यात जमिनीवरच आहे आणि नातू दीड वर्षाचा आहे, म्हणून ती उंचावर ठेवायला सांगितले. मुलाने पान चावलेच, तर तोंडातले तुकडे काढून तोंड स्वच्छ पुसावे, थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्यावे, उलटी मात्र काढायला लावू नये. जीभ किंवा घसा सुजू लागला, गिळताना वा श्वास घेताना त्रास झाला, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा आणि सोबत ते पान न्यावे, म्हणजे मुलाने काय खाल्ले हे डॉक्टरांना लगेच कळते.