गंजलेल्या भिंतींमधून

बिल्बाओ, गुरुवार, रात्र

पाय बोलतायत, पण आजच लिहायला हवं. उद्या यातलं निम्मं विसरेन आणि उरलेलं शहाण्यासारखं लिहीन.

बाबांना घेऊन गुगेनहाइम कलासंग्रहालयात गेले होते. रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकाराचं 'द मॅटर ऑफ टाइम' बघायचंच होतं. २००५ पासून ते इथल्या १३० मीटर लांब दालनात कायमचं मांडलेलं आहे : ८ पोलादी शिल्पं, माणसाच्या दुपटीहून उंच. फोटोत मला ते जरा आढ्यतेखोर वाटायचं. पोलाद भरपूर आहे म्हणून आपण दबून जायचं, असं काहीतरी.

एका सर्पिलात शिरले. वाट अरुंद. डावीकडची भिंत अंगावर झुकलेली, उजवीकडची माझ्यापासून लांब कललेली. चार पावलांवर दोघींनी बाजू बदलल्या. मी खांदा आत चोरला. भिंत माझ्यापासून हातभर लांब होती, तरीही. थोड्या वेळाने कळलं की मी भराभर चालतेय. घाई कसलीच नव्हती. आणि मग एकदम वाट संपून मोकळी गोल जागा. मधोमध काहीच नाही. मी खरोखर इकडेतिकडे बघितलं, काहीतरी ठेवलं असेल म्हणून. परत येताना तीच वाट दुप्पट लांब वाटली.

सेराला भिंतींच्या या पिळाची कल्पना सुचली रोममध्ये, सतराव्या शतकातला वास्तुविशारद बोरोमिनी याच्या चर्चमध्ये. बाजूने बघताना त्याला जमिनीचा लंबगोल आणि वरचा लंबगोल एकमेकांशी तिरके भासले. तसे ते नव्हते. तो चुकीचं बघत होता. पण त्या चुकून दिसलेल्या आकाराने त्याला सोडलं नाही. मला हे फार आवडलं. चूक कळल्यावर आपण ती दुरुस्त करतो, याने ती पोलादात उभी केली.

बाबा एव्हाना बाहेरच होते. चष्मा कपाळावर, वाकून प्लेटची खालची कड बघत. आयुष्य फॅब्रिकेशनमध्ये गेलं. "बोल्ट नाही, वेल्डिंग नाही. नुसती उभी आहे गं." मग हातातलं माहितीपत्रक तळहातावर सरळ उभं करून दाखवलं. पडलं. जरा वाकवून ठेवलं. राहिलं. एवढंच. माझ्या कलाविषयक वाचनात हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. "पण एवढी जाड प्लेट रोल केली कुठे?" जर्मनीत, म्हटल्यावर "वाटलंच," म्हणाले.

गंजाचं मात्र त्यांना काही केल्या पटेना. या पोलादात थोडं तांबं, क्रोमियम असतं. वरचा गंज घट्ट बसतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी म्हणाले, "जन्मभर गंज खरवडून रेड ऑक्साइडचा रंग मारला आम्ही. आणि इथे हात लावायचा नाही म्हणे!" मलाही हात लावावासा वाटत होता. जवळून बघितलं तर एकच तपकिरी रंग नव्हता. कुठे ओघळ, कुठे नारिंगी डाग, एका ठिकाणी जांभळट मखमल.

(सेराचे वडील जहाजबांधणीच्या गोदीत पाइपफिटर होते. चार-पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी जहाज पाण्यात उतरताना दाखवलं होतं. बाबांना हे सांगायचं राहिलंच.)

शेवटी मी एकटीच वरच्या सज्जात गेले. तिथून सगळं एका नजरेत आलं, लंबगोल, सर्पिलं, पट्ट्या, अगदी नीट आखल्यासारखं. आणि सपक. खालचं मला काहीच ओळखू येईना. इतक्यात बाबा दिसले. एकटेच एका सर्पिलात शिरले होते. पांढरं डोकं दिसायचं, गायब व्हायचं, पुन्हा पुढे निघायचं. एका वळणावर त्यांनीही खांदा आत घेतला.