आदोळीवरचा पाय

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी गेली काही वर्षं स्केचबुक घेऊन बसते, म्हणजे बसते कसली, मिळेल त्या खांबाला टेकून उभी राहते. तर मागच्या महिन्यात एका मासळीवालीने माझ्या हातातली वही मागून घेतली, नीट बघितलं आणि सरळ सांगून टाकलं, "बाय, हें हांव न्हय." म्हणजे ही मी नव्हेच.

मला वाटलं चेहरा चुकला. चेहऱ्यावर तर मी केवढी मेहनत घेतलेली, कुंकू, नाकातली चमकी, केसातली अबोली, सगळं. पण तिने बोट ठेवलं खाली. "आदोळेर पांय खंय?" आदोळी म्हणजे आपली विळी, तिच्यावरचा पाय कुठाय? आणि मग बसून दाखवलंच तिने. आदोळीच्या फळीवर एक पाय घट्ट, सगळं वजन त्याच्यावर, म्हणून दोन्ही हात मोकळे, म्हणून इसवण, म्हणजे सुरमई, दोन्हीकडून धरून पात्यावर ढकलता येतो, म्हणून कोपर बाहेर आणि मान थोडी कलती. मी पाय पदराखाली लपवून मोकळी झालेली, त्यामुळे माझी बाई विळीसमोर फोटोला बसल्यासारखी दिसत होती. पाय काढायला जमत नाहीत म्हणून लपवले हे खरं कारण, आता कबूल करायला काय हरकत आहे.

तेव्हापासून क्रम उलटा केलाय. आधी वजन कुठे पडतंय ते बघायचं, मग पाठ, मग हात, आणि चेहरा वेळ उरला तर. नाहीतरी ओळखीचं माणूस आपण लांबून पाठीवरूनच ओळखतो ना. ह्याची प्रॅक्टिस करायला फेरीबोटीसारखी जागा नाही. रायबंदरहून चोडणला जाताना पाच-दहा मिनिटं मिळतात, तेवढा वेळ माणसं बऱ्यापैकी एका जागी असतात, कोणी स्कूटरवरच बसून पाय टेकलेला, कोणी कठड्याला रेललेला, आणि पलीकडचा धक्का जवळ आला की एकदम सगळ्यांचे खांदे बदलतात, उतरायच्या आधीच माणूस उतरलेला असतो! तो क्षण मला अजून एकदाही पकडता आलेला नाही.

फोटो काढून घरी रंगवायचं मी सोडलं. मोबाईल वर केला की माणसं हसतात किंवा पदर सारखा करतात, आणि फोटोत वजन कळतच नाही, सगळं सपाट.

पणजीतल्या फोंतेन्यसला फुंदासांव ओरिएंत ह्या पोर्तुगीज संस्थेत चित्रकार आंतोनियो शावियर त्रिंदादची चित्रं आहेत, पणजीत राहून बघितली नसतील तर कमाल आहे. १८७० साली सांग्यात जन्मलेला माणूस, मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा, आणि घरातली बायको-मुलीसुद्धा कशी रंगवलीत, रंगवताना घाई केलेली नाही एवढं तरी मला कळतं. व्यंगचित्रकार मारियो मिरांडाचं बरोबर उलट, तिथे गर्दीच गर्दी, पण त्या गर्दीतला एकेक जण आपापल्या कामात असतो, उगाच जागा भरायला उभा केलेला नसतो. लोटलीच्या ह्या माणसाने रीतसर चित्रकला शिकली नव्हती, तरुणपणी रोजची डायरी लिहायचा तीच चित्रांनी भरलेली, १९४९ ते १९५१ च्या त्या डायऱ्या नंतर छापल्यासुद्धा गेल्या. मला त्यातून एवढंच उचलता आलं की रोज काढायचं. आठवड्यातून एकदा बाजारात जाऊन खांबाला टेकणं म्हणजे रोज नव्हे, हे माझं मलाच.

पुढच्या शुक्रवारी नवीन चित्र घेऊन गेले, पाय एकदम ठळक, खरं तर जरा जास्तच मोठा झालेला. तिने बघितलं, बाजूचीला दाखवलं, दोघी हसल्या. "आतां हांव," म्हणाली, आणि बांगड्यांचा एक वाटा माझ्या पिशवीत टाकला. मी मनातल्या मनात खूश, मॉडेलने भेट दिली वगैरे. तर तिने हात पुढे केला. एक रुपया कमी केला नाही.