गाढविणीचं दूध काढू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एकदाच. "डॉक्टर मॅडम, गाढविणीचं दूध ७,००० रुपये लिटर जातं म्हणे, चार गाढविणी आणू का?" २०२० मध्ये गुजरातच्या हलारी जातीच्या गाढविणींच्या दुधाच्या बातम्या आल्या, तेव्हापासून हा आकडा माझ्या मागे लागलाय. त्या भावाने रोज दूध नेणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही.

दुधाला मी नावं ठेवत नाही. लॅक्टोज साडेसहा टक्क्यांच्या आसपास, केसीन हे प्रथिन कमी, म्हणून आईच्या दुधाच्या जवळ जाणारं. चरबी जेमतेम एक टक्का. पुढच्या महिन्यांत तीही उतरते, प्रथिनंही उतरतात, साखर तेवढी टिकते. सड दोनच, शिंगरू जवळ नसेल तर पान्हा चोरते. हे तुम्ही सगळे वाचूनच येता. तिच्या रक्ताचं कोणी विचारत नाही.

वीटभट्टीवरची एक गाढवीण, व्याल्याला तीन आठवडे. गुबगुबीत, मानेवर चरबीची वळी. "तब्येत झकास आहे, काढा धार," हे मीच म्हणाले होते. मालकाने तिला कळपातून आणून घरामागे एकटीला बांधलं, शिंगरू दिवसभर लांब. चौथ्या दिवशी तिने वैरण सोडली. मी पाहिलं : ताप नाही, लोळणं नाही, कान जरा पडलेले. गाढव दुखणं दाखवत नाही हे कॉलेजात घोकलं होतं. तरी पोटदुखीचं इंजेक्शन टोचून घरी आले.

दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं. शीर मिळायला वेळ लागला, गाढवाच्या मानेचा स्नायू तिथे जाड असतो. नळी ओट्यावर उभी करून चहा घेतला. परत बघते तर खाली गुठळी आणि वर, जिथे पिवळसर पाणी हवं, तिथे पांढरंशुभ्र. शेजारी पेल्यात सकाळी निघालेलं घोटभर दूध होतं. रक्तातलं पांढरं त्याहून दाट दिसत होतं.

खाणं कमी आणि दूध चालू, म्हणजे अंगावरची चरबी वितळायला लागते. यकृत ती रक्तात सोडत राहतं, आणि गाढवाला हे आवरता येत नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली ही चरबी, डेसिलिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की जिवावर बेततं. तिचं कितीतरी पुढे गेलेलं. ग्लुकोज लावलं, नाकातून नळीने पेज घातली. तिसऱ्या पहाटे गेली.

आदल्याच दिवशी रक्त घेतलं असतं तर? एक दिवसाने काय फरक पडला असता, असं मीच मला म्हणते. मग आठवतं, "काढा धार" कोण म्हणालं होतं. पण लठ्ठपणाला तब्येत समजणारी मी काही एकटी नव्हते. असो, हे कारण मला स्वतःलाच पटत नाही.

मग सरळ नाही का म्हणत नाही? कारण २०१२ ते २०१९ मध्ये देशातली गाढवं ३.२ लाखांवरून १.२ लाखांवर आली. दुधापायी का होईना, कोणी पोसत असेल तर मी कोण अडवणारी?

शिंगरू शेळीच्या दुधावर जगलं. मालक मला दोष देत नाही. "मॅडम, नशीब," म्हणतो, आणि मी काही बोलत नाही.

आणायच्याच असतील तर दोन एकत्र आणा. एका वेळचीही वैरण सोडली तर त्याच रात्री फोन करा.