लिंक्डइनवरच्या दोन ओळी

आज आमच्या टीममधल्या एका पोरीला एचआरने बोलावून घेतलं. लिंक्डइनवर कुणीतरी कामाच्या तासांबद्दल पोटतिडकीने लिहिलं होतं. हिने लाइक केलं आणि खाली लिहिलं, 'रात्री अकराच्या कॉलनंतर सकाळी नऊला हजर राहणं आता झेपत नाही.' बस, एवढंच. कंपनीचं नाव नाही, कुणावर आरोप नाही. पण तिथे आपला लाइकसुद्धा ओळखीतल्यांच्या फीडवर नावानिशी जाऊ शकतो, आणि कंपनी कोणती ते प्रोफाइलवर असतंच. कुणीतरी स्क्रीनशॉट वर पाठवला. तिने कमेंट काढून टाकली, स्क्रीनशॉट राहिलाच. अप्रेझल तोंडावर आलंय, बिचारी दिवसभर जेवली नाही.

मला मनापासून राग आलाय. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचं आठवड्याला 90 तास कामाबद्दलचं बोलणं व्हायरल झालं, तेव्हा देशभर चर्चा झाली. मोठ्या माणसांना मत मांडायची मुभा असते. गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या पोरांनी साधं 'झेपत नाही' म्हटलं, की तो शिस्तभंग! वर पुढचा रिक्रूटरही प्रोफाइल चाळणार, ही धास्ती वेगळीच.

उद्या तिच्यासोबत मीही एचआरकडे जाणार आहे. रात्रीच्या कॉलचा विषय मीच काढेन.